दुसऱ्या मजल्यावरचा आरसा

खिडकीबाहेर एक आरसा टांगायचा होता. बस्स, एवढंच काम. शिडीचा हिशेब असा, की शाळेतून आल्या आल्या हात घातला तर चहाच्या आत उरकेल. चहा त्या दिवशीही झाला आणि पुढचे पंचवीस दिवसही होत राहिला. आरसा मात्र काही केल्या आटपेना.

शिडी म्हणजे आपला नायक. वय सोळा, उंची वयाच्या मानाने अंमळ आगाऊ. वर्गातल्या फळ्याची वरची कड पुसायची ती यानेच, म्हणून हे नाव पडलं, आणि त्याला ते आवडायचंही. पण पाच महिन्यांपूर्वी त्याचे बाबा शिडीवरून पडले. बाबा दुकानांचे बोर्ड रंगवायचे. समोरच्या औषधाच्या दुकानाचा बोर्ड अर्धा रंगवून झाला होता, तेवढ्यात शिडी सरकली आणि बाबा खाली आले. कमरेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मुलं एकदम सभ्य झाली. त्याला शिडी म्हणणं बरं दिसणार नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. खरं नाव इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी हाकच मारेना. सभ्यपणाने माणूस किती एकटा पडतो, हे त्याला दहावीतच कळलं.

आणि घरात बाबा. हा माणूस पूर्वी इतका बोलका, की बोर्ड रंगवता रंगवता वरूनच खालच्या रस्त्याशी गप्पा मारायचा. कुणाची सायकल पंक्चर आहे, कुणाच्या शर्टाची शिवण उसवली आहे, सगळं वरून ओरडून सांगायचा. आता तो खिडकीखालच्या खाटेवर उताणा पडून छताकडे बघायचा. छतावर ओलीचा एक डाग होता, दुसरं काही नव्हतं. कुणी भेटायला आलं की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर, "हं."

डॉक्टरांनी आईला दाराबाहेर नेऊन सांगितलं. हाड जुळलंय, आता त्यांनी स्वतः उठून बसायला हवं. आपण बसवून उपयोग नाही, त्यांना वाटलं पाहिजे. "या महिन्याभरात बसले तर चालतील. नाहीतर पाय अंग टाकतील, मग माझ्या हातात काही नाही."

आई शिवणाच्या मशीनवर बसायची आणि मशीन थांबवून मधूनच डोळे पुसायची. डोळे पुसताना मशीन बंद व्हायचं, म्हणून घरात सगळ्यांना कळायचं. बाबांनाही कळत असणार. पण हं.

मग शिडीला वाटलं, या माणसाला उठावंसं वाटेल कसं? त्याला पाच महिने दिसतंय काय, तर डाग! याला रस्ता दाखवला पाहिजे. खाट खिडकीला लागूनच, पण खिडकीची कड वर. पडल्या पडल्या दिसतात फक्त विजेच्या तारा. तेव्हा खिडकीबाहेर वरच्या अंगाला, छपरासारखा, तोंड खाली करून आरसा टांगायचा. मान न हलवता सगळा रस्ता डोळ्यांसमोर. कल्पना इतकी सोपी होती, की ती आजवर कुणालाच कशी सुचली नाही याचं त्याला नवल वाटलं. का सुचली नव्हती, हे यथावकाश कळलंच.

*

रस्त्याच्या कोपऱ्यावर काचेचं दुकान होतं, चार महिन्यांपूर्वी उघडलेलं. दुकान चालवायची एक बाई आणि तिची मुलगी. मुलगी शिडीच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर. तिच्या दहा बोटांपैकी निदान तीन बोटांना कायम चिकटपट्टी असायची, म्हणून वर्गाने तिला 'पट्टी' करून टाकलं होतं. ती कुणाशी बोलायची नाही. कुणी तिच्याशीही नाही. शिडी तिच्या दुकानात पहिल्यांदा शिरला, तेव्हा ती काच कापायच्या हिऱ्याने टेबलावरच्या काचेवर रेघ मारत होती.

"श्वास घेऊ नकोस," ती म्हणाली.

त्याने घेतला नाही. टक् असा आवाज झाला आणि काचेचे दोन सरळ तुकडे झाले.

"घे आता. काय हवंय?"

"आरसा. मोठा. पण स्वस्तातला. म्हणजे फुकटातला."

"तुला काय म्हणतात?"

शिडी घुटमळला. "शिडी म्हणायचे. आता नाही म्हणत."

"का?"

"बाबा शिडीवरून पडले ना."

"मग त्यात तुझं नाव कशाला पडायला हवं?" ती म्हणाली. "शिडी, तो वरच्या फळीवरचा डबा काढ. माझा हात पोचत नाही."

पाच महिन्यांनी कुणीतरी हाक मारली होती. शिडीने डबा काढला, मग शेजारचा काढला, मग सगळी फळी पुसून दिली. आता कुणी म्हणेल, एवढ्यावर कुणी प्रेमात पडतं का? पडतं. काही जण याहून कमी भांडवलावर पडलेले आहेत.

आरसा मिळाला तो एका जुन्या कपाटाच्या दाराचा, एक कोपरा उडालेला. बदल्यात शिडीने रोज साडेपाच वाजता येऊन वरच्या फळ्यांची कामं करायची, असं ठरलं. पट्टीच्या आईने दुकानाच्या आतून हे सगळं ऐकलं आणि एवढंच म्हटलं, "काठ घासून दे गं त्याला. नाहीतर पहिल्याच दिवशी हात कापून घेईल."

त्याने पहिल्याच दिवशी हात कापून घेतला. पट्टीने स्वतःच्या खिशातली चिकटपट्टी काढून लावली. ती त्याने पुढे आठ दिवस काढली नाही, आणि अंघोळ तो हात वर धरून केली.

*

आरसा दोघांनी मिळून दोन जिने चढवला. खिडकीपाशी आणला. आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की खिडकीला गज आहेत.

"तू माप घेतलं होतंस ना?" पट्टीने विचारलं.

"खिडकीचं घेतलं होतं."

"गज खिडकीतच असतात."

बाबा खाटेवरून बघत होते. "हं," ते म्हणाले. या वेळचा हं जरा निराळा होता, असं शिडीला वाटलं.

तेव्हा आरसा बाहेरूनच यायला हवा, म्हणजे वरून सोडायला हवा. वर तिसऱ्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांच्या गॅलरीशिवाय गत्यंतर नव्हतं. हेडमास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या दारात आपण होऊन आलेला हा पहिलाच विद्यार्थी. त्यांनी दोघांना बसवलं. पाणी दिलं. मग पाऊण तास परावर्तनाचा नियम शिकवला, मध्ये दोनदा प्रश्न विचारले, आणि शिडीला एकदा उभं केलं.

"आपात कोन बरोबर?"

"परावर्तन कोन, सर."

"शाबास. आता दोरी आणा."

आरसा दोरीला बांधून खाली सोडला तशी इमारतीतल्या प्रत्येकाला त्यातलं काही ना काही कळतं असं निघालं. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, डावीकडे घ्या. रस्त्यापलीकडच्या केशकर्तनवाल्याने हातातली कात्री नाचवत सांगितलं, उजवीकडे. एक सायकलवाला मुद्दाम उतरून म्हणाला, की त्याच्या मेव्हण्याने असंच केलं होतं. मेव्हण्याचं पुढे काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. तेवढ्यात आरसा दोरीवर गरगर फिरायला लागला. उन्हाचा एक लखलखता चौकोन रस्ताभर धावत सुटला. तो केशकर्तनालयात शिरला, तिथे एका गिऱ्हाइकाने दचकून मान फिरवली आणि त्याची एक मिशी कायमची आखूड झाली. तिथून निघून तो औषधवाल्या काकांच्या चष्म्यावर स्थिर झाला. काकांनी त्या भरात खोकल्याच्या जागी पोट साफ करायचं औषध दिलं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालं, की खोकायची भीती वाटते.

अखेर आरशाची आतली कड गजांना तारेने आवळली, बाहेरची हेडमास्तरांच्या गॅलरीला. मग कोन साधायचा. हेडमास्तर वरून तार ओढणार, शिडी आत बाबांना विचारणार, पट्टी रस्त्यात उभी राहणार. ती बाबांना दिसली की काम फत्ते.

"बाबा, काय दिसतंय?"

"हं."

"आता?"

"हं."

"काहीतरी सांगा ना!"

मग बाबा पाच महिन्यांत पहिलं पूर्ण वाक्य बोलले. "त्या मुलीच्या चपलेचा पट्टा तुटायला आलाय."

आईचं मशीन थांबलं. शिडीने खिडकीच्या गजांत तोंड घालून खाली ओरडून सांगितलं, "पट्टी, तुझी चप्पल!" आणि तिने खाली बघितलं, तर खरंच. मग ती वर बघून हसली. ती हसल्यावर तिच्या गालावर काच बसवायच्या पुट्टीचा एक ठिपका होता, तोही दिसला. शिडीला त्या दिवशी सगळंच स्पष्ट दिसत होतं.

*

पुढचे आठ दिवस घराचे दिवसच पालटले. बाबा बोलायला लागले. केशकर्तनवाल्याने गिऱ्हाइकाला वाट बघायला लावून दुसऱ्यांदा चहा घेतला, हे बाबा सांगू लागले. तळमजल्यावरच्या मावशी केर शेजारच्या दाराकडे सरकवतात, हे त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केलं. आई मशीन चालवता चालवता हसायची. शिडी रोज साडेपाचला काचेच्या दुकानात जायचा आणि पट्टीला सगळा अहवाल द्यायचा. सात वाजता निघायची वेळ झाली, की त्याला आणखी एखादी फळी पुसायची राहिलेली दिसायची. एकच फळी त्याने आठवड्यात चार वेळा पुसली. पट्टीच्या आईच्या ते लक्षात आलं होतं, पण फळी स्वच्छ होत होती, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र शिडीला खटकायची. बाबा बोलता बोलता मधूनच गप्प व्हायचे आणि आरशात एकाच ठिकाणी बघत राहायचे. ते ठिकाण म्हणजे औषधाचं दुकान. त्यावरचा बोर्ड पाच महिने तसाच होता, पहिली दोन अक्षरं निळीशार आणि पुढे नुसती खडूची रेघ. आरसा टांगताना ते दुकान त्यात येणार, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. उठून बसायचं नाव बाबा काढत नव्हते, आणि महिन्यातले तेरा दिवस उलटले होते.

आणि मग नवव्या दिवशी केशकर्तनवाल्याने दुकानाबाहेर येऊन आळस दिला, वर बघितलं, आणि हात हलवला.

बाबांना वाटलं, मागे कुणी असेल. केशकर्तनवाल्याने पुन्हा हात हलवला आणि मोठ्याने म्हणाला, "काय पेंटर! दाढी किती वाढवलीत! येऊ का वर वस्तरा घेऊन?"

ज्याला आपण आरशात बघतो, त्याला त्याच आरशात आपण दिसतो. इतकी साधी गोष्ट! पाऊण तास परावर्तन शिकून शिडीला ती सुचली नाही, अकरा वर्षांनी शिकवायला मिळाल्याच्या आनंदात हेडमास्तरांना सुचली नाही. आठ दिवस अख्खा रस्ता बाबांना बघत होता. जुना बनियन, वाढलेली दाढी, खाटेशेजारचं भांडं, सगळं. भेटायला येणाऱ्यांकडे पाठ फिरवणारा हा माणूस भर चौकात प्रदर्शनाला लावला होता, आणि लावला होता त्याच्या मुलाने.

बाबांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. हं सुद्धा म्हणाले नाहीत.

शिडी तडक काचेच्या दुकानात गेला. तेव्हा साडेपाच वाजलेही नव्हते.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "तू काचवाली आहेस. तुला माहीत असणारच!"

पट्टीने हातातला हिरा खाली ठेवला. "होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू टांगला असतास?"

"नसता टांगला!"

"म्हणून." ती थोडा वेळ बोटावरची पट्टी सोलत राहिली. मग म्हणाली, "माझे बाबा कामाला म्हणून परगावी गेले. दीड वर्ष झालं. पहिले दोन महिने फोन यायचा. आता कुठे आहेत, आजारी आहेत का, दाढी वाढलीये का, काहीच माहीत नाही. तुझे बाबा कसेही दिसत असतील ना, पण दिसतात तरी. मला रोज दुकान उघडताना ते दिसायचे. मला बरं वाटायचं."

शिडीला रडू येत होतं, आणि रागही जात नव्हता. दोन्ही एकदम करता येत नसल्यामुळे तो पाय आपटत घरी गेला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, की आज एकही फळी पुसली नाही.

*

दोन दिवसांनी नगरपालिकेची नोटीस आली. एका जाड कागदावर लिहिलं होतं, की इमारतीच्या दर्शनी भागावर 'विनापरवाना परावर्तक वस्तू' लटकवल्याचं निदर्शनास आलं असून ती आठ दिवसांत उतरवावी, अन्यथा कार्यालय उतरवेल. तक्रारदार औषधवाले काका.

सरळ उतरवून टाकावा, असं शिडीला वाटलं. नाहीतरी बाबा चादरीखालीच. पण त्या दुपारी तो पाणी द्यायला गेला, तेव्हा त्याला चादरीच्या कडेला एक फट दिसली. फटीत एक डोळा होता. डोळा आरशाकडे लागलेला होता. शिडी चोरपावलांनी मागे सरला आणि जाऊन आईला म्हणाला, "आरसा काढायचा नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही."

दुसऱ्या दिवशी तो शाळा बुडवून कार्यालयात गेला. बघतो तर दाराशी पट्टी उभी. तिच्या हातात काचेच्या जाडीचं, वजनाचं पत्रक होतं.

"तुला कुणी बोलावलं?" तो म्हणाला.

"कुणी नाही. चल."

पहिल्या खिडकीवर बांधकाम विभाग. तिथल्या बाईंनी अर्ज वाचून परत दिला. आरसा म्हणजे काही बांधकाम नव्हे. दुसरी खिडकी जाहिरातींची. तिथले साहेब म्हणाले, "यावर मजकूर काय आहे?" मजकूर नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मजकूर नसेल तर जाहिरात नाही, आणि मजकूर लिहून आणलात तर शुल्क पडेल. तिसरी खिडकी रस्ते विभागाची, आणि तिथला कारकून डबा खात होता. त्याने घास गिळून विचारलं, "आरसा वळणावर आहे का? वळणावर असेल तर आमचा."

"वळणावर नाही. खाटेवर आहे," शिडी म्हणाला.

कारकुनाने आधी त्याच्याकडे बघितलं. मग त्याने पट्टीच्या दहा बोटांकडे बघितलं, आज चार पट्ट्या होत्या. त्याने डबा बंद केला. "बाळ, हे बघ," तो म्हणाला, "हा अर्ज या इमारतीत फिरवत बसलास तर तुला नोकरी लागेल, पण परवाना मिळणार नाही. तक्रार कुणाची आहे? त्याच्याकडून मागे घेतल्याचं लिहून आण. तक्रार नाही तर नोटीस नाही, आणि नोटीस नाही तर आरसाही नाही. म्हणजे आहे, पण आमच्या लेखी नाही."

इतकं शहाणपणाचं बोलणं त्या इमारतीत बहुधा खूप दिवसांनी झालं असावं. शेजारच्या टेबलावरचे दोघे मान वर करून बघायला लागले.

*

औषधवाले काका तक्रारीवर ठाम होते. "अरे, माझी गिऱ्हाइकं तुटली! एक सभ्य गृहस्थ टकलावरचं तेल घ्यायला आले. सहज वर बघितलं, तर आरशातून तुझे बाबा त्यांच्या टकलाकडेच बघतायत. ते गृहस्थ दोन पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन गेले! औषधाच्या दुकानात माणसाला जरा आडोसा लागतो रे."

"बाबा आता चादरीखाली असतात, काका."

"ते तर आणखी वाईट. गिऱ्हाइकांना वाटतं, काही झालं की काय. मला विचारतात, तुमच्याच औषधाने का?" काकांनी चष्मा पुसला. मग बोर्डाकडे हात केला. "आणि हे. पाच महिने माझ्या दुकानाला दोन अक्षरं आहेत. दुसरा पेंटर बोलवायला जीव होत नाही, तुझ्या बाबांचं काम आहे ते. पण किती थांबू? हा बोर्ड पुरा करून दे, तक्रार मागे घेतो."

"करतो," शिडी म्हणाला.

हे तो का म्हणाला? त्याने जन्मात बोर्ड रंगवला नव्हता. पण पट्टी शेजारी उभी होती, आणि शेजारी ती असली की त्याच्या तोंडून असलं काही तरी निघून जायचं. त्याला ते थांबवता येत नव्हतं.

दिवस ठरला शनिवार, वेळ दुपारी दोन. बाबा तेव्हा झोपतात. जिन्याखाली पाच महिने पडलेली ती शिडी बाहेर काढली, तिच्यावरची जाळी झाडली. बाबांचा निळा रंग, बाबांचा कुंचला. आईला सांगितलं नाही. आईने सोडलं नसतं, आणि बरोबरच केलं असतं.

पट्टीने शिडी धरली, शिडी शिडीवर चढला. बाबा पडले ती शिडी हीच, पण खाली पट्टी होती, त्यामुळे तो चढत गेला. त्याचं पहिलं अक्षर बरं जमलं. दुसरं जरा उताराला लागलं. रस्त्यात माणसं जमू लागली. केशकर्तनवाला गिऱ्हाइकाला साबणात सोडून बाहेर आला. हेडमास्तर गॅलरीतून म्हणाले, सरळ रेषा म्हणजे दोन बिंदूंमधलं लघुतम अंतर. तिसऱ्या अक्षराला हात पोचेना, म्हणून शिडीने एक पाय अधांतरी काढून अंग झोकलं.

"डावा!"

आवाज वरून आला. घोगरा, पाच महिन्यांत इतक्या मोठ्याने न वापरलेला. पण रस्त्यातल्या प्रत्येकाला तो ओळखू आला.

"अरे, डाव्या पायाखाली बघा! शिडीचा डावा पाय गटाराच्या झाकणावर आहे! झाकण हलतं ते! मी त्याच्यावरूनच गेलो होतो! डावा!"

त्या दिवशी बाबा झोपले नव्हते. ते हल्ली दुपारी झोपतच नव्हते. फटीतून त्यांना दिसलं होतं, तेच दुकान, तोच बोर्ड, तीच शिडी, आणि वर आपला पोरगा.

चार माणसं शिडीच्या डाव्या पायाकडे धावली. डावा पाय चांगला भक्कम फरशीवर होता. सगळे धरून उभे राहिले, त्यांच्या वजनाने शिडी उजवीकडे कलली, आणि वरचा नायक गार पडला.

"सोडा तो!" पट्टी ओरडली. तिला आयुष्यात इतकं मोठ्याने बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "ते आरशात बघून सांगतायत! त्यांचा डावा म्हणजे आपला उजवा!"

आणि तिने उजव्या बाजूला अंग टाकलं. झाकण खडखडलं, उचकलं, पण तोवर शिडीचा पाय तिने फरशीवर ओढून घेतला होता. वरून आधी रंगाचा डबा आला, तो औषधवाल्या काकांनी शर्टावर झेलला. त्यामागून आपला नायक एक एक पायरी मोजत आला. जमिनीला पाय लागल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं, तर पट्टीचा हात धरला.

सगळे वर बघत होते. आरशाकडे नाही, खिडकीकडे.

खिडकीत बाबा होते. दोन्ही हातांनी गज घट्ट धरले होते, दाढी वाढलेली, बनियनला भोक, चेहरा घामाने निथळलेला. पण बसलेले. स्वतः उठून, सरळ बसलेले. त्यांच्या मागे आई उभी होती, आणि ती त्यांना धरत नव्हती. दोन्ही हात तिने स्वतःच्या तोंडावर दाबून धरले होते.

"पडलास का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा!"

"मग ठीक." बाबांनी दम घेतला. त्यांनी रस्ता बघितला, जमलेली माणसं बघितली, आणि त्यांच्याही लक्षात आलं, की आपण सगळ्यांना दिसतोय. आता चादर ओढतील, असं शिडीला वाटलं. बाबांनी चादर ओढली नाही. ते म्हणाले, "तुझं दुसरं अक्षर वाकडं आलंय. ते तसंच ठेवलंस तर मी खाली येऊन तुझे कान उपटीन."

"या ना!" केशकर्तनवाला ओरडला. "या खाली! दाढी माझ्याकडून!"

"येतो," बाबा म्हणाले. "थोडे दिवस दे."

हे ऐकून औषधवाल्या काकांनी निळ्या झालेल्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. तोंडही निळं झालं, ते पुढे दोन दिवस तसंच होतं. तक्रार त्यांनी तिथल्या तिथे औषधाच्या चिठ्ठीवर मागे घेतली, पण ती कार्यालयात कुणालाच वाचता आली नाही. डबेवाल्या कारकुनाने मात्र ती 'वाचली' असा शेरा मारून फाइल बंद केली.

*

डॉक्टर आले तेव्हा बाबा बसूनच होते. डॉक्टर म्हणाले, आता काठीने चालायचं. बाबा म्हणाले, काठी रंगवून मगच. निळी रंगवली.

एका संध्याकाळी शिडी तारा सोडायची पक्कड घेऊन आला. "बाबा, आरसा उतरवतो आता. तुम्हाला सरळच दिसतं."

"राहू दे," बाबा म्हणाले. "फक्त थोडा फिरव. हेडमास्तरांना वरून तार ओढायला सांग."

"कुठे फिरवू?"

"मी सांगतो. तू तुझ्या अभ्यासाच्या टेबलापाशी जाऊन बस."

शिडी बसला. वरून हेडमास्तरांनी तार ओढली, बाबा गजांतून हात काढून कड सरकवत राहिले. "अजून. अजून थोडा. सर, बास!" मग शिडीकडे न बघता ते म्हणाले, "त्या टेबलावरून काचेचं दुकान दिसत नाही, हे माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. तू रोज सात वाजता तिथून उलटा चालत निघायचास. एकदा खांबावर आपटलास."

शिडीचे कान लाल झाले. त्याने पुस्तक उघडलं. दोन ओळी वाचल्या, त्या कुठल्या विषयाच्या होत्या देव जाणे. मग हळूच मान वर करून आरशात बघितलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात पट्टी टेबलाला टेकून उभी होती. काच कापत नव्हती. वरच बघत होती. कधीपासून बघत होती कोण जाणे. तिने पट्ट्या लावलेला हात वर केला. शिडीनेही केला. आरशात तो डावा दिसला असेल, पण तिला बरोबर कळलं.

"अभ्यास चालू आहे ना रे?" आईने मशीनवरून विचारलं.

शिडी काही बोलायच्या आतच बाबांनी उत्तर देऊन टाकलं.

"हं," ते म्हणाले.